देव कुणाचा देणेकरी?

ईयोबाच्या ग्रंथाच्या २२व्या अध्यायात अलीफज तेमानी एक प्रश्न विचारतो. ज्याला विचारतो तो त्याचा मित्र ईयोब राखेत बसलेला आहे, टाळूपासून तळव्यापर्यंत फोडांनी भरलेला आहे, आणि त्याची दहाही मुलं एका दिवसात गेलेली आहेत. अलीफजाचं म्हणणं थोडक्यात असं: माणसाचा देवाला उपयोग तो काय? तू नीतीने वागलास म्हणून त्याच्या पदरात काही पडलं का? तेरा अध्यायांनंतर अलीहू नावाचा तरुण हाच मुद्दा दोन्ही बाजूंनी मांडतो. तुझ्या पापाने देवाचं काही बिघडत नाही आणि तुझ्या पुण्याने त्याच्या हाती काही लागत नाही. त्याची झळ किंवा त्याचा लाभ तुझ्यासारख्या माणसांनाच.

हे पुस्तक या दोन भाषणांभोवती फिरतं. बाकीचं सगळं, बाबिलोनच्या मातीच्या पाट्यांपासून कांटच्या निबंधापर्यंत, याच दोन भाषणांच्या उजेडात वाचलं आहे. प्रश्न दिसतो एक, पण आहेत दोन. माणसाच्या सदाचरणाने देवाचा काही फायदा होतो का, हा पहिला. त्या सदाचरणापायी देव काही देणं लागतो का, हा दुसरा. अलीफज पहिल्याचं उत्तर देऊन दुसरा निकालात काढू पाहतो: घेतलंच नाही तर फेडायचं काय? व्यवहाराच्या तर्काला यात खोट सापडणार नाही. मला हे वाक्य खरं वाटतं, आणि तरीही ते अलीफजाच्या तोंडी खोटं पडतं. असं का होतं ते सांगण्यासाठीच ही प्रस्तावना लांबली आहे.

देवाला माणसाकडून काही नको असतं, हे आज आपल्याला सहज पटतं. जुन्या पश्चिम आशियात ते पटण्यासारखं नव्हतं. अत्रहासिस नावाच्या बाबिलोनी काव्याच्या इ.स.पू. १७व्या शतकातल्या पाट्या मिळाल्या आहेत. त्यात धाकट्या देवांच्या वाट्याला कालवे खणायचं काम आलेलं असतं. खणून खणून ते वैतागतात, अवजारं जाळतात आणि रात्री थोरल्या देवाच्या वाड्याला वेढा घालतात. या संपावरचा तोडगा म्हणून माणूस घडवला जातो. मातीची पाटी यापुढे त्याने उचलायची, देवांच्या जेवणाची सोयही त्यानेच करायची. पुढे महापुरात माणसं बुडतात तेव्हा देवांची उपासमार होते, आणि वाचलेल्या एकाने बळी अर्पण करताच ते वासावर माश्यांसारखे जमतात. उरुकच्या देवळातल्या, बऱ्याच नंतरच्या काळातल्या एका विधिपाटीवर देवांच्या रोजच्या चार जेवणांची तरतूद लिहिलेली आहे: सकाळी एक मोठं, एक लहान, संध्याकाळी पुन्हा तसंच.

अशा जगात पुण्याचा हिशेब सोपा होता. देवाला भूक आहे, भाकर माणसाच्या हातात आहे. भाकर घातली तर देवाने ओशाळं राहावं, ही अपेक्षा वावगी नव्हती. तिची टिंगलही त्याच मुलुखात झाली. धनी आणि त्याचा दास यांच्यातला एक बाबिलोनी संवाद प्रसिद्ध आहे. धनी म्हणतो, देवाला बळी द्यावा म्हणतो; दास लगेच होकार देतो. धनी बेत बदलतो, तर दास तेवढ्याच तत्परतेने म्हणतो की नकोच, उगाच देवाला कुत्र्यासारखं मागे मागे यायची सवय लागेल. ज्या समाजात असा विनोद चालतो तिथे देवाणघेवाणीची कल्पना किती मुरलेली असेल, हे वेगळं सांगायला नको.

इस्राएलच्या कवींनी या कल्पनेवर घाव घातला. ५०व्या स्तोत्रातला देव विचारतो की रानातली सगळी जनावरं माझीच असताना भूक लागली तर मी तुम्हाला सांगायला येईन का? मंदिरासाठी सोनंनाणं गोळा झाल्यावर दावीद राजा कबूल करतो की जे दिलं ते मुळात देवाकडूनच आलेलं होतं. म्हणजे अलीफज काही नवं बोलत नाही. तो एका मोठ्या शोधाचा वारस आहे, आणि वारशाचा वापर तो एका पोळलेल्या माणसाचं तोंड बंद करायला करतो.

कसा, ते पाहण्यासाठी २२वा अध्याय शेवटपर्यंत वाचावा लागतो. प्रश्न विचारून झाल्याबरोबर अलीफज आरोपांची फैर झाडतो: तू भाऊबंदांकडून विनाकारण गहाण ठेवून घेतलंस, तान्हेल्याला पाणी दिलं नाहीस, विधवांना रिकाम्या हाती परत पाठवलंस. पुरावा एकाचाही नाही. चौथ्या अध्यायात याच अलीफजाने ईयोब किती जणांचा आधार होता हे स्वतःच सांगितलेलं असतं. आरोप झाल्यावर तो सल्ल्यावर येतो: देवाशी समेट कर, मग तुझं भलं होईल, हात घालशील ते तडीस जाईल. अध्यायाच्या सुरुवातीला देवाला फायदा नाही म्हणून सौदा मोडीत काढणारा हा गृहस्थ त्याच अध्यायाच्या अखेरीस सौदाच पुढे करतो. देवाची बाजू त्याने व्यवहारातून उचलली आणि माणसाची तशीच ठेवली. देवाला आपल्या चांगुलपणातून काही मिळत नाही, पण चांगलं वागलं की आपल्याला मात्र मिळतं. आणि ज्याला मिळालं नाही तो चांगला नसणार. धर्मोपदेशकांच्या तोंडी हा युक्तिवाद आजही सुखाने नांदतो.

याच गृहीतकावरून ईयोब नेमका उलटा जातो. सातव्या अध्यायात, अलीफजाच्या त्या प्रश्नाच्या कितीतरी आधी, तो देवालाच विचारतो: समजा मी पाप केलं, तरी तुझं काय नुकसान झालं? मग मलाच निशाण का केलंस? देवाला माणसाच्या वागण्याने फरक पडत नसेल तर पहारा कशाला आणि मार कशाला? एकच वाक्य अलीफजाच्या तोंडी गप्प बसवणारं आहे आणि ईयोबाच्या तोंडी फिर्याद आहे. वाक्याचा खरेपणा ते कोण कुणाला म्हणतो यावरही अवलंबून असतो, असं मी म्हटलं तर तर्कशास्त्राच्या प्राध्यापकांनी क्षमा करावी.

आता ग्रंथाच्या आरंभाकडे. देवाच्या दरबारात सैतान विचारतो की ईयोब काय फुकट देवाला भितो? त्याच्याभोवती कुंपण तूच घातलंस, धन तूच वाढवलंस. हात आखडता घेऊन बघ. मराठी वाचकाला इथे हरिश्चंद्र आठवणारच, तिथेही सत्त्वाची कसोटी आहे आणि घरादाराची धूळधाण आहे. पण हरिश्चंद्र दिलेल्या शब्दाला जागतो आणि सोसतो. ईयोब तिसऱ्या अध्यायापासून तोंड उघडतो ते ३१व्यापर्यंत मिटत नाही. दुसरा फरक जास्त महत्त्वाचा. ईयोबाच्या निष्ठेवर देव स्वतःचा शब्द लावून बसला आहे. दरबारात त्याचं नाव पहिल्यांदा देवच काढतो, अभिमानाने काढतो. ईयोबाच्या सदाचरणाने देवाचं धान्याचं कोठार भरत नसेल, पण ते खोटं ठरलं तर देव भर दरबारात तोंडघशी पडणार आहे. अलीफज आणि अलीहू यांना या दरबाराची कल्पना नाही. ईयोबालाही नाही. वाचकाला आहे. त्यामुळे ‘देवाला काय मिळतं’ हा प्रश्न २२व्या अध्यायात येतो तेव्हा वाचकाने थोडं सावरून बसावं, अशी कथाकाराची योजना दिसते. लाभ हा शब्द देवाला लागू नसला तरी आस्था हा लागू आहे, आणि आस्था असलेला कुणी पूर्ण अलिप्त असू शकत नाही.

पुढची ईश्वरशास्त्रं या जागी वचनाचा आधार घेतात. पेलॅगियसशी वाद घालताना पाचव्या शतकाच्या आरंभी ऑगस्टिनने दोन गोष्टी एकदम सांभाळल्या: माणसाच्या पुण्याला देव बक्षीस देतो तेव्हा तो आपल्याच देणग्यांना मुकुट घालतो, आणि तो देणेकरी असलाच तर आपल्याकडून काही घेतलं म्हणून नव्हे, त्याने आपण होऊन वचन दिलं म्हणून. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसने हेच घोटून मांडलं: देव आपलं देणं लागत नाही, स्वतःच्या योजनेचं लागतो. उत्तर देखणं आहे. कराराच्या घरात राहणाऱ्याला ते पुरतंही. इस्राएलला करार होता. अनुवादाच्या २८व्या अध्यायात आशीर्वाद आणि शाप कलमवार लावून दिले आहेत.

पण ईयोब इस्राएली नाही. तो ऊस देशाचा. त्याच्या कथेत मोशे नाही, सीनाय नाही, करार नाही. त्याच्या हातात वचनाचा कागद नाही की जो देवापुढे धरावा. मला वाटतं, कवीने नायक बाहेरचा निवडला तो यासाठीच. वचन काढून घेतलं, लाभ काढून घेतला, तर देवावर माणसाचा काही हक्क उरतो का? इतक्या उघड्यावर आणून हा प्रश्न विचारणारं दुसरं प्राचीन पुस्तक मला माहीत नाही.

ईयोबाचा हक्क कशावर आहे ते ३१व्या अध्यायात कळतं. तिथे तो एकेक शपथ घेत जातो: दासदासींचा न्याय मोडला असेल तर, अनाथाला सोडून एकट्याने घास खाल्ला असेल तर, शेताची जमीन माझ्याविरुद्ध ओरडत असेल तर. ही यादी वाचताना आपण मजुरीच्या मागणीची वाट पाहतो. ती येत नाही. उंट परत द्या, मुलं परत द्या, असं तो म्हणत नाही. तो सही करतो आणि प्रतिवादीने आरोप लेखी द्यावा असं मागतो; तो लेख आपण खांद्यावर मिरवू, म्हणतो. त्याला सुनावणी हवी आहे. नवव्या अध्यायात त्याने हेच दुखणं सांगितलेलं असतं, की आम्हा दोघांवर हात ठेवील असा मध्यस्थ कुणी नाही. मोबदला आणि जबाब या दोन मागण्यांची सरमिसळ अलीफज, बिल्दद आणि सोफर या तिघा मित्रांनी केली, आणि त्यांच्या मागून अनेक टीकाकारांनीही. मोबदल्याच्या मागणीला अलीफजाचं उत्तर पुरेसं आहे. जबाबाच्या मागणीला ते लागूच पडत नाही.

अलीहूची भाषणं मागाहून घातली असावीत असं अनेक अभ्यासक मानतात. शेवटी देव तिघा मित्रांना रागावतो त्यात अलीहूचं नाव नाही, हे त्यातलं एक कारण. मागाहून घातली असोत की मुळातली, त्यांची जागा मात्र बिनचूक आहे. सर्वसमर्थ आपल्या हाती लागत नाही, असं सांगून अलीहू ३७वा अध्याय संपवतो, आणि ३८व्याच्या पहिल्या ओळीत देव वावटळीतून बोलू लागतो.

काय बोलतो, हा या पुस्तकाच्या अर्ध्याहून जास्त पानांचा विषय आहे. इथे एवढंच: तो ईयोबाच्या आरोपांना कलमवार उत्तर देत नाही. पहाटेचा तारा, रानगाढव, पिलांना विसरणारा शहामृग, बेहेमोथ, लिव्याथान असा सगळा कारखाना दाखवत जातो. त्यात माणूस जवळजवळ नाहीच. लिव्याथानाच्या वर्णनात मध्येच एक वाक्य येतं की मला आधी कुणी काही दिलं आहे म्हणून मी त्याची फेड करावी? पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या ११व्या अध्यायात याच वाक्याचा आधार घेतल्याचं दिसतं. हिब्रू पाठ तिथे अवघड आहे, आणि आधुनिक संपादकांपैकी बऱ्याच जणांच्या मते मूळ वाक्य लिव्याथानाशी झुंजणाऱ्याविषयी असावं. वाक्य जसंच्या तसं धरलं तरी मोबदल्याचा मुद्दा देव मित्रांसारखाच निकालात काढतो. मग तो मित्रांवर का भडकतो? ते माझ्याविषयी नीट बोलले नाहीत, ईयोब बोलला, हा त्याचा निवाडा आहे. ज्याने देवाला अन्यायी म्हटलं तो नीट बोलला, आणि ज्यांनी देवाची वकिली केली त्यांनी सात बैल आणि सात मेंढे घेऊन त्याच्याकडे जावं. या निवाड्याशी सामना केल्याशिवाय ईयोबावर लिहिलेलं पुस्तक मी गंभीरपणे घेत नाही.

सामना अनेकांनी चुकवला. जिनिव्हात १५५४-५५ मध्ये कॅल्विनने ईयोबावर १५९ प्रवचनं दिली. त्याचं मत असं की ईयोबाची बाजू बरोबर पण मांडणी वाईट, मित्रांची बाजू चुकीची पण मांडणी उत्तम. चतुर निदान आहे, पण देवाचा निवाडा त्यात बसवताना ओढाताण होते. ज्यू तत्त्वज्ञ मायमोनिदीझ अधिक मजेदार. आपल्या ‘संभ्रमितांची मार्गदर्शिका’ या ग्रंथाच्या तिसऱ्या भागात तो प्रत्येक पात्राला एकेक तत्त्वज्ञानपंथ वाटून देतो: बिल्ददाला मुअतझिला, सोफराला अशअरी. ग्रंथ ईयोबाला सज्जन म्हणतो, शहाणा कुठेच म्हणत नाही, ही त्याची नोंदही तिरकस आणि अचूक. त्याच्या मनातल्या मुस्लिम पंथांचा वाद आपल्या विषयाच्या गाभ्यातला आहे. माणसाचं हित करणं देवावर बंधनकारक आहे, असं मुअतझिली मानत. अशअरीने आपले मुअतझिली गुरू जुब्बाई यांना तीन भावांची गोष्ट घातली, असं सांगतात. एक श्रद्धाळू म्हणून मेला, एक नास्तिक म्हणून, एक लहानपणीच. लहानगा तक्रार करतो की मला मोठं होऊन पुण्य जोडू का दिलं नाही? उत्तर येतं की तू वाढून पापी झाला असतास, म्हणून तुझ्या हितासाठी आधीच नेलं. तेव्हा नरकातून दुसरा भाऊ ओरडतो: मग मला का नाही नेलंस? जुब्बाईंना उत्तर सुचलं नाही म्हणतात. देवावर बंधन घालायला निघालेला तर्क पाच वाक्यांत कुठे अडतो, हे मला यापेक्षा चांगलं कुणी सांगितलेलं नाही.

ज्यू परंपरा एका मताची कधीच नव्हती. प्राण्याची मान पुढून कापली की मागून, देवाला काय फरक पडतो, असं विचारून एक मिद्राश सांगतो की आज्ञा माणसाला घडवण्यासाठी आहेत. सोळाव्या शतकात मेइर इब्न गब्बाय या कबालापंथीयाने मायमोनिदीझला विरोध करत उलटं मांडलं: माणसाचं आचरण वरच्या जगाची गरज भागवतं. अलीफजाच्या प्रश्नाला इतकं सरळ ‘हो, उपयोग होतो’ म्हणणारा धीट माणूस या पुस्तकात एका स्वतंत्र प्रकरणाचा धनी झाला आहे.

आणि कांट. १७९१च्या निबंधात त्याने देवाची वकिली करणारे सगळे तात्त्विक खटले फसल्याचं जाहीर केलं आणि ईयोबाचा मोठेपणा त्याच्या प्रामाणिकपणात पाहिला. असा माणूस धर्मपंडितांच्या कुठल्याही न्यायासनापुढे टिकला नसता, असंही सुचवलं. तीन वर्षांनी धर्मविषयक लिखाणाबद्दल प्रशियाच्या राजाची ताकीद खुद्द कांटलाच मिळाली.

आपल्याकडे या प्रश्नाची घडण निराळी. मीमांसकांनी फळाची जबाबदारी अपूर्वावर, म्हणजे कर्मातूनच उपजणाऱ्या अदृश्य शक्तीवर, टाकली. देवता प्रसन्न होऊन फळ देते हे शबरस्वामींना मान्य नाही, तेव्हा देणेकरी कोण हा प्रश्नच गळून पडतो. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात देव आणि माणसं यज्ञाने एकमेकांना पोसतात, पाचव्यात प्रभू कुणाचं पापही घेत नाही आणि पुण्यही नाही. पंढरपूरच्या परंपरेने तिसराच मार्ग काढला: देव आपण होऊन भक्ताचा बांधील होतो, विटेवर ताटकळतो, दामाजीसाठी बीदरच्या दरबारात पैसे भरतो. ऑगस्टिनच्या वचनाला इथे लळ्याचं रूप आलं आहे, आणि रूप म्हणून ते मला जास्त आवडतं.

एका मराठी आयुष्यात मात्र ईयोबाचा प्रश्न त्याच्या मूळ कडवटपणानिशी आला. अनंतशास्त्री डोंगरे यांनी तीर्थयात्रांत आणि दानधर्मात घरचं सगळं वेचलं. १८७०च्या दशकातल्या दुष्काळात ते, त्यांची पत्नी आणि थोरली मुलगी अन्नावाचून गेली. उरलेल्या मुलीने, पंडिता रमाबाईंनी, पुढे लिहिलेल्या आठवणींत त्या दिवसांचे उपास, प्रदक्षिणा आणि देवाने काही द्यावं ही आस नोंदवली आहे. याच रमाबाईंनी केडगावला मूळ भाषांवरून बायबलचं मराठी भाषांतर केलं. १९२२ मध्ये त्या गेल्या, संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये निघाला. ज्या बाईने भुकेने मरणारे धर्मशील आईबाप पाहिले होते तिने अलीफजाची भाषणं मराठीत आणली आहेत, हे ध्यानात ठेवून तो भाग वाचावा.

राहता राहिला शेवट, ज्याने अनेक वाचक नाराज होतात. सात हजार मेंढ्यांच्या चौदा हजार होतात, तीन हजार उंटांचे सहा हजार. मग सैतानाचंच खरं म्हणायचं का, शेवटी मोबदला मिळालाच की? दोन गोष्टी नजरेत ठेवाव्या. हे सगळं मिळतं ते ईयोबाने मित्रांसाठी प्रार्थना केल्यावर, आणि तेव्हा त्याने काही मागितलेलं नसतं. दुसरी अधिक बोचरी: निर्गमाच्या २२व्या अध्यायात चोरलेलं जनावर चोराकडे जिवंत सापडलं तर त्याने दुप्पट भरून द्यावं असा कायदा आहे. काही अभ्यासकांना ही दुप्पट त्या कायद्याची आठवण देते. कवीला ती अभिप्रेत असेल तर देवाविषयी याहून धाडसी विनोद बायबलात नाही.

मुलं मात्र दुप्पट होत नाहीत. पुन्हा सात मुलगे, तीन मुली. मुलग्यांची नावं कथाकार आधीही देत नाही, नंतरही नाही. नंतरच्या मुलींची देतो: यमीमा, कसीया, केरेन-हप्पूख. आणि बाप त्यांना भावांच्या बरोबरीने वारसा देतो. मोशेच्या कायद्यात सलाफहादाच्या मुलींना वाटा मिळाला तो त्यांना भाऊ नव्हता म्हणून. ईयोबाला सात मुलगे होते.